बाळ उशिरा रडलं म्हणूनच का? सेरेब्रल पाल्सीच्या कारणांचा दीडशे वर्षांचा शोध

मुलाला सेरेब्रल पाल्सी आहे असं सांगितलं की आई-वडिलांचा पहिला प्रश्न बहुतेक वेळा एकच असतो : "डॉक्टर, हे कशामुळे झालं?" आमचं उत्तर येईपर्यंत घरात मात्र उत्तरं तयार झालेली असतात. ग्रहणात ही बाहेर गेली होती. सातव्या महिन्यात पाय घसरला होता. सिझर करायला उशीर झाला. बाळ जन्मल्यावर लगेच रडलंच नाही. यातली बरीचशी बोटं शेवटी आईकडे वळतात, आणि उरलेली प्रसूती करणाऱ्या डॉक्टरांकडे.

हाच प्रश्न वैद्यकशास्त्र गेली दीडशेहून अधिक वर्षं विचारत आलं आहे. त्याची उत्तरं अनेकदा बदलली, आणि प्रत्येक खऱ्या उत्तरातून प्रतिबंधाचा एखादा उपाय हाती आला. म्हणून आज थोडा इतिहास पाहू. तो कळला की काय टाळता येतं, काय टाळता येत नाही आणि स्वतःला दोष का देऊ नये, हे समजायला सोपं जातं.

आधी थोडक्यात : सेरेब्रल पाल्सी म्हणजे काय?

बाळाचा मेंदू वाढत असताना, म्हणजे गर्भात, जन्माच्या वेळी किंवा पहिल्या एक-दोन वर्षांत, त्याला इजा झाली किंवा त्याची घडणच वेगळी झाली, तर स्नायूंवरचं नियंत्रण बिघडतं. हातपाय ताठ राहतात, तोल जातो किंवा नको असलेल्या हालचाली होतात. मेंदूतली इजा पुढे वाढत जात नाही, पण ती पूर्ण भरूनही येत नाही. हा आजार संसर्गजन्य नाही. काही मुलांना फिट्स येतात, काहींना बोलण्याचा, दिसण्याचा किंवा शिकण्याचा त्रास असतो. मात्र अनेक मुलांची बुद्धी उत्तम असते. बोलता येत नाही म्हणजे समजत नाही, असं कधीही गृहीत धरू नका.

१८६१ : डॉ. लिटल आणि 'कठीण बाळंतपण'

विल्यम जॉन लिटल हे लंडनचे डॉक्टर. लहानपणीच्या आजारामुळे त्यांचा एक पाय वाकडा झाला होता. त्यावर उपाय शोधत ते १८३६ मध्ये जर्मनीत हॅनोव्हरला स्ट्रोमायर या शल्यचिकित्सकांकडे गेले. स्ट्रोमायर यांनी त्वचेला छोटंसं छिद्र पाडून घोट्यामागची ताठ शीर सैल केली आणि पाय सरळ झाला. लिटल ती शस्त्रक्रिया शिकून लंडनला परतले आणि वाकड्या हातापायांच्या मुलांवर उपचार करू लागले. अशा रुग्णांसाठी त्यांनी रुग्णालयही उभारलं.

त्या कामात त्यांना एक वेगळा गट दिसू लागला. या मुलांचे पाय जन्मतः वाकडे नव्हते, ते ताठरपणामुळे हळूहळू वाकडे होत गेले होते. लिटल यांनी त्यांच्या आयांना बाळंतपणाबद्दल विचारायला सुरुवात केली. कुणाचं बाळ महिने भरण्याआधी जन्मलं होतं, कुणाची प्रसूती फार लांबली होती, कुणाचं बाळ जन्मल्यावर बराच वेळ श्वासच घेत नव्हतं. २ ऑक्टोबर १८६१ रोजी त्यांनी लंडनच्या प्रसूतितज्ज्ञांच्या संस्थेपुढे आपली निरीक्षणं मांडली. त्यांचा निष्कर्ष होता की अवघड प्रसूती, अपुऱ्या दिवसांचा जन्म आणि जन्मताच गुदमरणं यांमुळे मेंदूला इजा होते आणि त्यातून हा ताठरपणा येतो. पुढे कित्येक वर्षं हा आजार 'लिटलचा आजार' म्हणूनच ओळखला गेला.

लिटल यांनी फार मोठं काम केलं. तोवर ज्याला दैव किंवा वाईट रक्त म्हटलं जाई, त्याला त्यांनी शारीरिक कारण दिलं. त्यांनी अपुऱ्या दिवसांच्या बाळांचा उल्लेखही ठळकपणे केला होता. पण लोकांच्या लक्षात राहिलं ते फक्त 'गुदमरणं'. बाळ रडलं नाही, म्हणून असं झालं, ही समजूत तिथून सुरू झाली आणि आजही आपल्या घराघरांत आहे.

१८९७ : फ्रॉइड यांनी विचारलेला उलटा प्रश्न

१८८९ मध्ये विल्यम ऑस्लर यांनी लहान मुलांच्या या आजारावर पुस्तक लिहिलं. त्यात १५१ रुग्णांचा अभ्यास होता, आणि 'सेरेब्रल पाल्सी' हे नाव रुळायला त्याची मोठी मदत झाली.

यानंतरचं नाव वाचून तुम्हाला आश्चर्य वाटेल. सिग्मंड फ्रॉइड. मनोविश्लेषणासाठी जगभर प्रसिद्ध होण्याआधी ते मेंदूविकारांचे डॉक्टर होते. व्हिएन्नातल्या लहान मुलांच्या एका दवाखान्यात त्यांनी अशी अनेक मुलं तपासली आणि १८९७ मध्ये या विषयावर मोठा ग्रंथ लिहिला.

त्यांनी मांडलेला मुद्दा साधा होता. अवघड प्रसूती झालेली बहुतेक बाळं पुढे धडधाकट असतात. उलट काही मुलांची प्रसूती अगदी सुरळीत झालेली असते आणि तरीही त्यांना हा आजार होतो. मग असंही असू शकेल की बाळाच्या मेंदूत गर्भातच काहीतरी बिघडलेलं आहे, आणि अवघड प्रसूती हे त्या बिघाडाचं कारण नसून त्याचाच एक परिणाम आहे. याच मुलांमध्ये फिट्स, दृष्टिदोष, मतिमंदत्व जास्त दिसतं, म्हणजे मेंदूच्या घडणीत खोलवर काहीतरी झालं असावं, असंही त्यांना वाटत होतं.

त्या काळी सोनोग्राफी नव्हती, एमआरआय नव्हता. फ्रॉइड यांना हे सिद्ध करता येणं शक्य नव्हतं. पुढची जवळपास ऐंशी-नव्वद वर्षं वैद्यकजगत लिटल यांच्याच बाजूने राहिलं.

कावीळ : पूर्णपणे टाळता येणारं कारण

या काळात एक कारण मात्र नेमकं सापडलं. नवजात बाळाची कावीळ फार वाढली तर रक्तातलं बिलिरुबिन हे पिवळं द्रव्य मेंदूत शिरतं आणि हालचालींवर ताबा ठेवणाऱ्या मेंदूच्या खोल भागांना इजा करतं. यातून वेड्यावाकड्या, अनियंत्रित हालचालींची सेरेब्रल पाल्सी होते, आणि बरेचदा बहिरेपणाही येतो.

इतकी कावीळ होण्याचं एक मोठं कारण १९४० मध्ये आरएच रक्तगटाचा शोध लागल्यावर उलगडलं. आई आरएच निगेटिव्ह आणि बाळ पॉझिटिव्ह असेल, तर बाळाच्या रक्तपेशींविरुद्ध आईच्या शरीरात प्रतिपिंडं तयार होऊ शकतात. पहिलं बाळ सहसा वाचतं, पुढच्या बाळाच्या रक्तपेशी मात्र फुटू लागतात. १९४० च्या दशकात बाळाचं रक्त बदलण्याचा उपचार सुरू झाला. १९६८ पासून अँटी-डी इंजेक्शन मिळू लागलं आणि ही प्रतिपिंडं तयार होणंच थांबवता आलं.

फोटोथेरपीचा शोध तर एका सिस्टरच्या निरीक्षणातून लागला. १९५६ मध्ये इंग्लंडमधल्या रॉचफर्ड इथल्या रुग्णालयात सिस्टर वॉर्ड अपुऱ्या दिवसांच्या बाळांना उन्हात नेत असत. एका बाळाचं अंग उन्हामुळे फिकं झालं होतं, पण चादरीने झाकलेला भाग मात्र पिवळाच राहिला होता. हे त्यांनी डॉक्टरांना दाखवलं. त्याच रुग्णालयात खिडकीपाशी उन्हात राहिलेल्या रक्ताच्या नमुन्यात बिलिरुबिन कमी झालेलं आढळलं. १९५८ मध्ये तिथल्या डॉक्टरांनी प्रकाशाने कावीळ कमी करण्याचा उपचार प्रसिद्ध केला. आज गावोगावच्या रुग्णालयांत बाळांना निळ्या दिव्याखाली ठेवतात, ते याच निरीक्षणामुळे.

यातून आपल्यासाठी धडा काय? नवजात बाळाची कावीळ मंत्राने उतरवून किंवा माळ घालून बरी होत नाही. सौम्य कावीळ आपोआप जाते म्हणून माळेला श्रेय मिळतं, आणि तीव्र कावीळ असलेल्या बाळाचे मोलाचे तास त्यात वाया जातात. घरात कोवळं ऊन दाखवणं हाही तीव्र काविळीवरचा भरवशाचा उपाय नाही, कारण त्या उन्हाचा डोस मोजता येत नाही.

मिनामाता : आई ठणठणीत, बाळ आजारी

जपानच्या समुद्रकाठी मिनामाता नावाचं गाव आहे. तिथल्या एका रासायनिक कारखान्यातून पाऱ्याचं संयुग समुद्रात सोडलं जात होतं. ते माशांत साठलं आणि मासे खाणाऱ्या लोकांना १९५० च्या दशकात विचित्र मेंदूविकार होऊ लागले. १९५६ मध्ये या आजाराची अधिकृत नोंद झाली. त्याच भागात सेरेब्रल पाल्सीसारखी लक्षणं असलेली बाळंही नेहमीपेक्षा खूप जास्त जन्मत होती. त्यांनी स्वतः तर मासे खाल्ले नव्हते. त्यांच्या आयांना फारसा त्रास नव्हता, काहींना तर जवळजवळ नव्हताच. त्या काळी डॉक्टरांना वाटे की वार, म्हणजे नाळेमागचा तो अवयव, बाळाला विषांपासून वाचवतो.

डॉ. मासाझुमी हाराडा या तरुण डॉक्टरांनी त्या आयांचं म्हणणं मनावर घेतलं. एका आईचं म्हणणं होतं की मी खाल्लेल्या माशांतलं विष माझ्या पोटातल्या बाळाने घेतलं. १९६२ मध्ये ते खरं ठरलं. जपानमध्ये बाळाच्या नाळेचा तुकडा वाळवून जपून ठेवण्याची रीत आहे, आपल्याकडेही काही घरांत ती आहे. पुढे अशा जपून ठेवलेल्या नाळा तपासल्या तेव्हा त्यांतही पारा सापडला.

या दुःखद घटनेने एक गोष्ट पक्की केली. प्रसूती सुरू होण्याच्या कितीतरी आधी, आई पूर्ण बरी दिसत असतानाही, बाळाच्या मेंदूला इजा होऊ शकते. आईला ते कळण्याचा काहीच मार्ग नसतो. गर्भातल्या काही संसर्गांबाबत, उदाहरणार्थ रुबेला आणि सायटोमेगॅलो विषाणूबाबतही हेच खरं आहे.

चोपन्न हजार गरोदरपणांचा हिशेब

अमेरिकेत १९५९ पासून एक प्रचंड अभ्यास सुरू झाला. बारा रुग्णालयांतली सुमारे ५४,००० गरोदरपणं सुरुवातीपासून नोंदवली गेली आणि मुलं सात वर्षांची होईपर्यंत तपासली गेली. आधी मूल आजारी पडलं आणि मग आईला जुनं आठवायला सांगितलं, असं इथे नव्हतं. नोंदी आधीच झालेल्या होत्या. म्हणून या अभ्यासाचं महत्त्व मोठं आहे.

कॅरिन नेल्सन आणि जोनास एलेनबर्ग यांनी या नोंदींचा हिशेब मांडला. जन्मल्यावर बाळाची अवस्था मोजण्यासाठी भूलतज्ज्ञ डॉ. व्हर्जिनिया ॲपगार यांनी १९५३ मध्ये दहा गुणांची पद्धत प्रसिद्ध केली होती. ठोके, श्वास, रंग, स्नायूंचा जोर आणि प्रतिसाद यांना प्रत्येकी शून्य ते दोन गुण. पुढे सेरेब्रल पाल्सी झालेल्या मुलांपैकी ७३ टक्के मुलांना पाचव्या मिनिटाला सात किंवा त्याहून जास्त गुण मिळाले होते. म्हणजे ती जन्मताना ठीक होती. १९८६ मधल्या त्यांच्या मोठ्या विश्लेषणातही बहुतेक मुलांचा आजार जन्मावेळच्या गुदमरण्याने स्पष्ट होत नव्हता. १९८८ मध्ये पश्चिम ऑस्ट्रेलियातल्या ईव्ह ब्लेअर आणि फिओना स्टॅनली यांनी ताठरपणाच्या प्रकारातली मुलं अभ्यासली, तेव्हा प्रसूतीतलं गुदमरणं हे संभाव्य कारण फक्त सुमारे ८ टक्के मुलांत सापडलं.

फ्रॉइड यांचा प्रश्न शंभर वर्षांनी बरोबर ठरला.

आणखी एक पुरावा पाहा. प्रसूतीच्या वेळी बाळाचे ठोके सतत मशीनवर नोंदवायचे आणि जरा फरक दिसला की सिझेरियन करायचं, म्हणजे सेरेब्रल पाल्सी संपेल, अशी १९७० च्या दशकात आशा होती. डब्लिनमध्ये सुमारे १३,००० स्त्रियांवर याची चाचणी झाली. नवजात बाळांच्या फिट्स कमी झाल्या, पण चार वर्षांनी पाहिलं तर सेरेब्रल पाल्सीचं प्रमाण दोन्ही गटांत सारखंच होतं. प्रगत देशांत सिझेरियनचं प्रमाण कितीतरी पटीने वाढलं, तरी हे प्रमाण अनेक दशकं हजारी दोनच्या आसपासच राहिलं. "सिझर लवकर केलं असतं तर?" हा प्रश्न ज्यांना रात्री झोपू देत नाही, त्यांच्यासाठी ही माहिती महत्त्वाची आहे. क्वचित प्रसंगी उत्तर 'हो' असतं. बहुतेक वेळा 'नाही' असतं.

इथे एक गोष्ट स्पष्ट सांगायला हवी. हे आकडे जिथे प्रत्येक प्रसूती सुसज्ज रुग्णालयात होते अशा देशांतले आहेत. आपल्याकडे अडलेली बाळंतपणं, वेळेवर न मिळणारी रुग्णवाहिका, तीव्र कावीळ आणि जंतुसंसर्ग यांचा वाटा त्यांच्यापेक्षा मोठा आहे. वाईटातली चांगली बाजू अशी की ही कारणं टाळता येण्यासारखी आहेत.

मग उपयोग कशाचा झाला?

लिटल यांनी सांगितलेलं, पण मागे पडलेलं एक कारण पुन्हा पुढे आलं : अपुऱ्या दिवसांचा जन्म. बत्तीस आठवड्यांच्या आधी जन्मलेल्या बाळाच्या मेंदूतल्या रक्तवाहिन्या फार नाजूक असतात. तिथे रक्तस्राव किंवा इजा सहज होते.

न्यूझीलंडचे डॉ. लिगिन्स मेंढ्यांवर प्रयोग करत होते. गर्भातल्या कोकरांना स्टिरॉइड दिल्यावर अपुऱ्या दिवसांत जन्मलेल्या त्या कोकरांची फुप्फुसं अपेक्षेपेक्षा पक्व निघाली. १९७२ मध्ये डॉ. हॉवी यांच्यासोबत त्यांनी स्त्रियांवरच्या चाचणीचे निकाल प्रसिद्ध केले. लवकर कळा सुरू झालेल्या आईला स्टिरॉइडची इंजेक्शनं दिली तर बाळाचा श्वासाचा त्रास आणि मृत्यू कमी होतात. मेंदूतला रक्तस्रावही कमी होतो, हे पुढे दिसलं. इतका स्वस्त उपाय, पण तो सर्वत्र वापरला जायला वीसहून जास्त वर्षं लागली.

१९९५ मध्ये नेल्सन आणि ग्रेदर यांना आढळलं की फार कमी वजनाच्या ज्या बाळांच्या आयांना मॅग्नेशियम सल्फेट मिळालं होतं, त्यांच्यात सेरेब्रल पाल्सी कमी होती. नंतरच्या चाचण्यांनी ते खरं ठरवलं. फार लवकर होणाऱ्या प्रसूतीआधी हे औषध दिलं तर धोका सुमारे एक तृतीयांशाने कमी होतो.

२००५ मध्ये आणखी एक उपाय आला. जन्मताना गुदमरलेल्या बाळाचं शरीर बहात्तर तास थंड ठेवलं तर मेंदूची इजा कमी होते, असं प्रगत देशांत दिसलं. पण भारत, श्रीलंका आणि बांगलादेशातल्या ४०८ बाळांवरच्या चाचणीत, जिचे निकाल २०२१ मध्ये आले, थंड ठेवलेल्या गटात ४२ टक्के, तर दुसऱ्या गटात ३१ टक्के बाळं दगावली. तिकडे चाललेला उपाय इथे जसाच्या तसा चालेल असं नाही, हे या चाचणीने दाखवलं.

आपल्या मातीतलं एक मोठं काम इथे सांगायलाच हवं. गडचिरोलीत डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांनी गावातल्या स्त्रियांना आरोग्यदूत म्हणून शिकवलं. न रडणाऱ्या बाळाला श्वास कसा द्यावा, जंतुसंसर्ग कसा ओळखावा, बाळाला ऊब कशी द्यावी, हे त्या घरी जाऊन करू लागल्या. १९९९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निकालानुसार त्या गावांत नवजात मृत्यू ६२ टक्क्यांनी घटले. आज आशाताई बाळंतपणानंतर घरी येऊन बाळ तपासतात, त्यामागे हे काम आहे. त्यांना दारातून परत पाठवू नका.

या सगळ्याचा एकत्रित परिणाम दिसतो आहे. प्रगत देशांत सेरेब्रल पाल्सीचं प्रमाण आता हजारी सुमारे १.६ पर्यंत खाली आलं आहे.

तुमच्या हातात काय आहे?

लग्न किंवा गरोदरपणाआधी :
- रुबेलाची लस घेतली आहे का ते पाहा. गरोदरपणात ही लस देता येत नाही.
- जवळच्या नात्यात लग्न झालं असेल, किंवा घरात आधी असं मूल असेल, तर जनुकीय सल्ला घ्या. काही मुलांत कारण जनुकांतच असतं.
- टेस्ट ट्यूब बेबीचे उपचार घेताना किती गर्भ सोडणार हे विचारा. जुळी, तिळी बाळं लवकर जन्मतात, त्यामुळे धोका वाढतो.

गरोदरपणात :
- रक्तगट तपासा. निगेटिव्ह असेल तर अँटी-डीबद्दल विचारा. गर्भपातानंतरही ते लागू शकतं.
- रक्तदाब, साखर, थायरॉइड, रक्ताचं प्रमाण यांच्या तपासण्या चुकवू नका.
- महिने भरण्याआधी कळा, पाणी जाणं, रक्तस्राव, ताप किंवा बाळाची हालचाल कमी वाटणं, यांपैकी काहीही झालं तर लगेच रुग्णालय गाठा. स्टिरॉइडचा फायदा प्रसूतीआधी काही तास मिळाले तरच होतो.

जन्मानंतर :
- पहिल्या चोवीस तासांत दिसलेली कावीळ, तळहात-तळपायांपर्यंत पोहोचलेला पिवळेपणा, दूध न ओढणं, सुस्ती, फिट्स : त्याच दिवशी डॉक्टर.
- मेंदूज्वराची शंका, डोक्याला मार : वाट पाहू नका.
- बाळाला कधीही जोरात गदागदा हलवू नका.

लवकर ओळखण्यासाठी : चार महिन्यांनंतरही मान न धरणं, मुठी सतत आवळलेल्या असणं, नऊ महिन्यांपर्यंत आधाराशिवाय न बसणं, पाय कात्रीसारखे एकमेकांवर येणं, वर्षाच्या आतच एकच हात वापरणं, ही लक्षणं दिसली तर 'मुलगे उशिराच चालतात' म्हणून थांबू नका. मेंदू पहिल्या दोन वर्षांत सर्वांत वेगाने शिकतो, म्हणून व्यायामोपचार जितके लवकर सुरू होतील तितका फायदा जास्त. जिल्हा पातळीवरच्या शासकीय केंद्रांत ही तपासणी आणि उपचार मोफत मिळतात. गावातली आशाताई किंवा अंगणवाडी सेविका त्यांचा पत्ता सांगू शकेल.

मुंबईत १९७२ मध्ये मिठू अलूर यांनी स्पास्टिक्स सोसायटी ऑफ इंडिया सुरू केली, कारण सेरेब्रल पाल्सी असलेल्या त्यांच्या मुलीला आपल्याकडची शाळा घ्यायला तयार नव्हती. त्या मुलीने, मालिनी चिब यांनी, पुढे उच्च शिक्षण घेतलं आणि एका बोटाने टाइप करून आत्मचरित्र लिहिलं. १९९९ च्या नॅशनल ट्रस्ट कायद्यात आणि २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात सेरेब्रल पाल्सीचा समावेश आहे. नॅशनल ट्रस्टच्या 'निरामय' योजनेत एक लाख रुपयांपर्यंतचं आरोग्यविमा संरक्षण मिळतं. दिव्यांगत्वाचं प्रमाणपत्र काढून घ्या, त्यात लाजण्यासारखं काही नाही.

आणि ज्या घरात असं मूल आहे तिथल्या आजी-आजोबांना, सासू-सासऱ्यांना एक विनंती. ग्रहण, उंबऱ्यावर बसणं, पपई खाणं, यांपैकी कशानेही सेरेब्रल पाल्सी होत नाही. बहुतेक वेळा कारण असं असतं, जे त्या आईला दिसणं शक्यच नव्हतं. तिला रोज दोनदा बाळाचा व्यायाम घ्यायचा आहे, त्याला भरवायचं आहे, फिजिओथेरपीला न्यायचं आहे. हे काम वर्षानुवर्षं चालतं. तिला दोष देण्यात जाणारी ताकद बाळाचा एक पाय धरून व्यायाम करायला वापरा. बाळाला त्याचा खरा उपयोग होईल.